धोंड्यावरचा करकोचा

जंगल संपून जिथे माळ सुरू होतो, तिथल्या एका तळ्यात एक कासवी राहत असे. तिची आई त्याच तळ्यात वाढली होती आणि आईची आईही. कासवी फार बोलत नसे. जे बोले ते एकदाच बोले. तळ्यातले सगळे तिला मान देत. तो मान तिला आवडत असे, हेही सांगून ठेवले पाहिजे, कारण पुढे त्याचेच मोल तिला द्यावे लागले.

तळ्याच्या मधोमध एक काळा धोंडा होता. पावसाळ्यात तो दिसत नसे, हिवाळ्यातही दिसत नसे. वैशाखात पाणी ओसरले की त्याची पाठ तेवढी वर येई आणि पुढच्या पावसाबरोबर पुन्हा बुडून जाई. जुन्या कासवांनी एक नियम घालून ठेवला होता. धोंड्याची पाठ थंडीतच दिसली, तर त्या वर्षी तळ्यात राहू नये. माळावरच्या ओघळीत ओल आहे तोवर निघावे आणि नदीचा डोह गाठावा. ओघळ एकदा वाळली की माळ म्हणजे तापलेला तवा. कासवाची चाल ती किती! अर्ध्या वाटेतच भाजून जाते.

आजवर हा नियम पाळायची वेळ कोणावर आली नव्हती. ज्या नियमाची वेळ येत नाही, तो हळूहळू गोष्टीसारखा वाटू लागतो. मुले ऐकतात आणि झोपी जातात.

मग एका वर्षी वरचा ओढा आपली वाट सोडून दुसरीकडे वळला. तळ्याला फक्त अंगावर पडेल तेवढाच पाऊस मिळाला. थंडी ऐन भरात आली आणि एका सकाळी धोंडा पाण्याबाहेर दिसला.

तो पहिल्यांदा पाहिला पाणकोंबडीने. ही पाणकोंबडी मूळची तिथली नव्हती. पलीकडच्या रानातले तिचे तळे आटले, तेव्हा ती चिखलाने माखलेली, एकटीच या तळ्यावर आली होती. त्याला बराच काळ लोटला होता. नंतरची तिची पिल्ले इथल्याच लव्हाळ्यात अंड्यातून बाहेर आली होती. तरी तिला सगळे ‘उपरी’ म्हणत.

ती कासवीकडे पोहत आली.

“बाई, धोंडा वर आलाय.”

कासवी गेली. धोंड्याभोवती एक फेरी मारली. धोंड्याला मान लावून पाहिली. धोंडा कोरडा होता.

“उद्या निघायचं,” ती म्हणाली.

बेडकांनी कुरकुर केली. त्यांच्यात एक जाडा बेडूक होता. तो नेहमी सगळ्यांच्या वतीने बोले, त्याला कोणी सांगितलेले नसताना. तो म्हणाला, “एवढी घाई कशाला? संक्रांत तरी होऊ दे.”

“ओल तुझ्या संक्रांतीसाठी थांबणार नाही,” कासवी म्हणाली आणि आपल्या पिल्लांना गोळा करायला गेली. पिल्ले त्याच वर्षीची होती. त्यांच्या पाठी अजून मऊ होत्या. ओल्या गवतातून ती चालली असती. दगडावरून चालली नसती.

दुसऱ्या दिवशी सगळे काठावर जमले आणि नेमक्या त्याच सकाळी आकाशातून करकोच्यांचा थवा उतरला.

या थव्यात एक करकोचा त्या तळ्यावरचाच होता. काठाच्या बाभळीवर तो जन्मला होता. लहानपणी एकदा घरट्यातून तो पाण्यात पडला, तेव्हा कासवीने त्याला पाठीवर घेऊन काठाला आणले. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणे. पंख आल्यावर तो वाटेने जाणाऱ्या एका थव्याबरोबर निघून गेला. त्यानंतर डोंगरापलीकडची सरोवरे, समुद्राकाठच्या दलदली, बर्फाच्या मुलखातल्या नद्या, असे तो सगळे फिरला. हिवाळ्यात चार दिवस मात्र तळ्यावर येई. तळ्याची एक जुनी रीत होती. बाभळीवर जन्मलेल्या पक्ष्याने तळ्यातला बेडूक खायचा नाही. ही रीत तो पाळी. त्याच्याबरोबरचे करकोचे पाळत नसत. ते येत तेव्हा दहापाच बेडूक कमी होत.

“पाहुण्यांचं काय मनावर घ्यायचं!” जाडा बेडूक म्हणे. “आपला माणूस आपल्याला खात नाही, हे बघा.”

तर तो करकोचा खाली आला आणि थेट काळ्या धोंड्यावर उतरला. एरवी त्याला काठच्या चिखलात उभे राहावे लागे. त्याने एक पाय वर घेतला, मान उंच केली आणि चारी बाजूंना पाहिले.

“वा! काय झकास जागा झाली ही!” तो म्हणाला. “हिवाळ्यात ती कधी दिसली नव्हती. इथून सगळं तळं दिसतं. बाभूळसुद्धा दिसते.”

पाणकोंबडी तेवढी म्हणाली, “ती जागा झालेली नाही. पाणी गेलंय.”

करकोच्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो आपल्या सोबत्यांना सांगत होता, “हेच ते माझं तळं. ही बाभूळ. आणि ती बघा, माझी मावशी. हिच्या पाठीवर बसून मी पाणी पार केलंय.” सोबती करकोचे माना वेळावून पाहत होते. मग त्याचे लक्ष काठावरच्या गर्दीकडे गेले. “मावशी, तुम्ही सगळे असे बाहेर का आलात? माझ्यासाठी?”

“आम्ही निघालोय,” कासवी म्हणाली. “डोहाला.”

“कायमचे?”

“ते पाणी ठरवील.”

करकोच्याने वर घेतलेला पाय खाली ठेवला. त्याला खरेच दुःख झाले. ते खोटे नव्हते. खोटे असते तर पुढचे काही घडले नसते.

“मावशी,” तो म्हणाला, “तूसुद्धा? मी इतकी पाणी बघितली. काय नाही तिकडे? मासे आहेत, जागा आहे, काठ दिसत नाही इतकी सरोवरं आहेत. पण तिथे उतरलं की पहिल्यांदा एकच विचारतात, तू कुठला? मी ताठ मानेने सांगतो, काळ्या धोंड्याच्या तळ्यावरचा. माझी मावशी आहे तिथे. जग इकडचं तिकडे झालं, पण ती तळं सोडत नाही. हे ऐकून मोठमोठे पक्षी गप्प बसतात. त्यांच्यापैकी निम्म्यांना आपलं पाणी कोणतं तेच माहीत नाही. आता तू निघून गेलीस तर मी काय सांगू? आणि येऊ कुणाकडे?”

बेडकांचे डोळे भरून आले. बेडकांचे डोळे लवकर भरतात.

“आपलं नाव तिकडे बर्फात घेतात!” जाडा बेडूक म्हणाला. “आणि आपण निघालो डबकं शोधायला.”

“डबकं नाही, डोह,” पाणकोंबडी म्हणाली. “धोंडा दिसला की निघायचं असतं. मी एक तळं आटताना बघितलंय. आधी पाणी जातं. मग चिखल घट्ट होतो. मग चिखलालाच तडे जातात. त्यानंतर निघायला पाय उरत नाहीत.”

“बाई,” करकोचा अगदी सौम्यपणे म्हणाला, “तुम्ही तुमचं तळं सोडून आलात. एकदा सोडलं की पुढचं सोडणं सोपं जातं. यांचं तसं नाही. हे इथल्या मातीतले आहेत.”

“मी सोडलं नाही. मी सगळ्यांच्या शेवटी निघाले,” पाणकोंबडी म्हणाली. “मी आले तेव्हा माझ्याबरोबर पिलं होती का? आठवतंय कुणाला?”

ती एकटी आली होती, हे सगळ्यांना आठवत होते.

मग जाडा बेडूक ओरडला, “उपरीचं रडगाणं ऐकायला पाहुणे आलेत काय? आम्ही इथलेच! आम्ही इथेच राहणार!” आणि सगळ्या बेडकांनी तेच धरले. “आम्ही इथलेच! आम्ही इथलेच!” तळे दुमदुमून गेले. परके करकोचे खूष झाले. अशी गंमत त्यांना दुसऱ्या कोणत्या पाण्यावर पाहायला मिळाली नव्हती. त्या गडबडीत त्यांनी काही बेडूक खाल्लेही.

कासवीने करकोच्याला विचारले, “आम्ही थांबतो. तू थांबतोस?”

“मी?”

“यंदाचा उन्हाळा. आमच्याबरोबर.”

“थांबलो असतो गं, मावशी,” करकोचा म्हणाला. “पण या वर्षी थव्याला वाट दाखवायचं माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी बघतो. आणि मी कुठेही असलो तरी माझा जीव इथेच असतो. तुला माहीत नाही का?”

कासवीला माहीत होते. तिला हेही कळत होते की हे उत्तर नव्हे. पण सगळे परके पक्षी तिच्याकडे पाहत होते. ती कासवी, जी तळे सोडत नाही. त्यांच्यासमोर, पिल्ले मागे घेऊन, ओघळीत उतरणे तिच्याने होईना. दुसऱ्या कोणी तिला अडवले नव्हते. तिच्या मानानेच तिला अडवले.

“परत पाण्यात चला,” ती पिल्लांना म्हणाली.

पाणकोंबडी तिच्याजवळ आली. “बाई, तुमची पिलं माझ्याबरोबर द्या. मी हळू चालीन.”

“माझी पिलं उपऱ्यासारखी दुसऱ्याच्या दारी जायची नाहीत,” कासवी म्हणाली.

पाणकोंबडी आपली पिल्ले घेऊन ओघळीत उतरली. बेडकांनी तिच्या मागे हुर्यो केली. “गेली! जाणारच होती! इथली असती तर गेली असती का?”

करकोचे चार दिवस राहिले आणि उडून गेले. करकोचा जाताना धोंड्यावरून म्हणाला, “असेच राहा. काही बदलू नका.”

माघ संपला. ओघळीतले गवत पिवळे पडले, मग नाहीसे झाले. आता कोणाला निघायचे असते तरी निघता आले नसते. फाल्गुनात धोंडा अर्धाअधिक वर आला. चैत्रात त्याचा पायथा दिसू लागला. बेडूक अजून ओरडत होते, “आम्ही इथलेच!” पण आता तसे सांगायला समोर कोणी नव्हते. घसे सुकले तसा आवाज कमी होत गेला. काही बेडूक चिखलात खोल शिरले. ज्यांना शिरता आले नाही, ते काठावर पडले. जाडा बेडूक त्यांतच होता.

कोल्हा रोज काठावर येऊ लागला. पूर्वी तो पाण्याला भीत असे. आता तो तळ्याच्या मधून, धोंड्याच्या सावलीतून चालत जाई.

“निघाला नाहीत ते बरं केलंत,” तो कासवीला म्हणाला. “नाहीतर मला डोहापर्यंत पायपीट पडली असती.”

कासवीने पिल्लांसाठी चिखल उकरला. तिच्या नखांनी जेवढे खणता येईल तेवढे तिने खणले. पण वरचा चिखल वाळत खाली येत होता आणि पिल्लांना खोल जाता येत नव्हते. कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, असे जुनी माणसे म्हणतात. कासवीनेही ते ऐकले होते. ती पिल्लांच्या समोर बसून राहिली आणि त्यांच्यावरून तिने नजर काढली नाही. तिच्या नजरेसमोर ती एकेक करून वाळली.

मग तिने स्वतःला चिखलात गाडून घेतले. तिची पाठ जाड होती. ती वाचली.

पाऊस आला. तो बेताचाच आला. तळ्यात पाणी झाले, पण ओढा परतला नाही आणि धोंडा पुरता बुडालाच नाही. श्रावणात सगळीकडे गवत होते, ओघळीत पाणी होते. कासवीला तेव्हाच डोहाला जाता आले असते. ती गेली नाही. तिला एक काम उरले होते. त्यासाठी ती थंडी पडेपर्यंत थांबली.

थंडी पडली आणि थवा आला. या वेळी तो मोठा होता. करकोच्याने नव्या पाण्यांवरचे नवे पक्षी बरोबर आणले होते. तो धोंड्यावर उतरला.

“हे बघा माझं तळं!” तो म्हणाला. “तसंच आहे की नाही? मागच्या वर्षी हे सगळे सोडून निघाले होते. मी सांगितलं, थांबा. थांबले. आणि काय बिघडलं? पाणी आहे, बाभूळ आहे, मावशी आहे.” मग त्याने कान दिला. “बेडूक शांत आहेत यंदा.”

बेडूक थोडेच उरले होते. जे होते ते लव्हाळ्यात लपून बसले होते. एकही बाहेर आला नाही.

“मावशी, काहीतरी बोल ना,” करकोचा म्हणाला. “हे एवढ्या लांबून तुला बघायला आलेत.”

“आल्यापासून तू पिलांचं विचारलं नाहीस,” कासवी म्हणाली.

करकोच्याने पाण्यावर नजर फिरवली. “कुठे आहेत?”

“तू उभा आहेस त्या धोंड्याच्या पायाशी. चिखलात.”

करकोचा दचकला. त्याने खाली पाहिले. तिथे आता पाणी होते. काही दिसत नव्हते.

“मला कुणी कळवलं असतं तर...” तो म्हणाला. “मावशी, तुझी शपथ, मी कुठेही असलो तरी माझी नजर सारखी इथेच असते.”

“कासवीच्या नजरेने पिलं जगतात म्हणतात,” कासवी म्हणाली. “मी समोर बसून बघत होते. हातभर अंतरावरून. जगली नाहीत. तू कुठून बघत होतास?”

नवे पक्षी एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, “आपण निघू या का? वारा फिरेल.”

कासवी काठाकडे निघाली. आपली चाल तिने वाढवली नाही आणि कमीही केली नाही. काठ चढून ती ओघळीच्या तोंडाशी आली. तिच्या मागून लव्हाळ्यातले उरलेसुरले बेडूक निघाले.

“मावशी, कुठे?” करकोचा ओरडला.

“डोहाला.”

“आणि तळं?”

“तुझं आहे ना? राख.”

“मी कसा राखू? मला जायला हवं. थवा...”

“एक उन्हाळा काढ,” कासवी म्हणाली. “मग सांग, मी इथला म्हणून. मी ऐकायला येईन.”

करकोच्याने एक पाय वर घेतला, मग तो ठेवून दुसरा घेतला. आपल्या बाभळीकडे पाहिले, थव्याकडे पाहिले. थवा उडाला होता. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तोही उडाला.

कासवी डोहावर पोचली तेव्हा तिथे पाणकोंबडी तिच्या मोठ्या झालेल्या पिल्लांबरोबर पोहत होती. तिने कासवीला पाहिले, मग तिच्या मागे पाहिले. बाजूला सरकून तिने तेवढी जागा करून दिली.

डोहातल्या बेडकांनी काठावरून माना वर काढल्या. “ही कोण?” एकाने विचारले. दुसरा म्हणाला, “असेल कुणी उपरी. हल्ली फार येतात.”

कासवीच्या मागून आलेला एक बेडूक चिडून बोलायला पुढे झाला. कासवीने त्याला अडवले.

“खरं आहे ते,” ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

करकोचा अजूनही लांबच्या पाण्यांवर उतरतो. तिथे त्याला विचारतात, तू कुठला? तो ताठ मानेने सांगतो, काळ्या धोंड्याच्या तळ्यावरचा. माझी मावशी आहे तिथे. ती तळं सोडत नाही. ऐकणारे गप्प बसतात. त्या तळ्यावर आता कोणी राहत नाही. कोल्हासुद्धा नाही.

तात्पर्य : ज्याला जिथला उन्हाळा काढायचा नाही, त्याने तिथल्यांना माती धरून राहायला सांगू नये, आणि ज्याच्या पदरी पिल्ले आहेत, त्याने दुसऱ्याच्या कौतुकासाठी निघायची वेळ चुकवू नये.